रोज एक बोट पाणी

९ फेब्रुवारी

पाण्याची पातळी मोजायची पट्टी बसली! सकाळी बंधाऱ्याच्या भिंतीला उभी ठोकली. पांढरी, काळ्या रेघा, पेंटरने काढलेले आकडे. सहा गावांची मिळून एक पट्टी, आणि ती कुठे ठोकायची यावर दोन महिने भांडण. शेवटी मान आमच्या गावाला, कारण आमची नळाची विहीर सगळ्यात आधी रडते.

ही वही मराठीत. इंग्लिशमध्ये लिहिलं की आदेश वाचतो आणि जेवताना सगळ्यांसमोर डायलॉग मारतो. भाऊ आहे की सीसीटीव्ही! मराठी अक्षर त्याला माझ्याहून कमी लागतं. दोघंही इंग्लिश मिडियमचे, पण मी निदान मेहनत घेते.

तर, केस अशी. धरणाचं ऑफिस दीड-दोन महिन्यांनी एकदाच धो धो पाणी सोडतं. नदी दोन दिवस भरते, मग सगळं पुढे जातं. शेवटचे पंधरा दिवस आमच्या नळाला चिखल. आमचं म्हणणं एवढंच — तेवढंच पाणी सोडा, पण थोडं थोडं, वीस-वीस दिवसांनी. एक थेंब जास्त नको! साहेब म्हणाले, पुरावा आणा. आता एका ग्रामपंचायतीला पुरावा परवडत नाही, म्हणून सहा गावांनी नळ मोजून वर्गणी काढली. पुण्याच्या उज्ज्वला मॅडम पाण्याच्या इंजिनिअर आहेत, त्या रिपोर्ट करणार. सोमाजीआबा रोज पट्टी वाचणार. आणि आकडे कॉम्प्युटरमध्ये कोण टाकणार? मी!

भरतकाका माजी सरपंच. हे सगळं त्यांच्याच डोक्यातून निघालं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "आमची अक्षदा करील. तिचं इंग्लिश फाडफाड हाय." मी लाल झाले.

१० फेब्रुवारी

पहिला आकडा ९७.

आबांकडे बटणाचा फोन, फोटो निघत नाही. बंधाऱ्यावर रेंज नाही. मेंढ्या सोडायच्या आधी पट्टी बघतात, टेकाडावर चढतात आणि कॉल करतात. "लिव्ह पोरी." आकडा. "ठेवतो." सात सेकंद! दोनदा सांगणार नाहीत, बॅलन्स जातो.

१४ फेब्रुवारी

९३. रोज एक सेंटीमीटर उतरतंय. ग्राफ काय सुंदर दिसतोय! जिन्यासारखा.

१८ फेब्रुवारी

काल ९०. आज ९९??

पाऊस नाही. धरणातून सोडलं नाही, मी ऑफिसला फोन करून विचारलं. मग नऊ सेंटीमीटर पाणी आलं कुठून?

१९ फेब्रुवारी

८८. एका दिवसात अकरा सेंटीमीटर गायब! कोणीतरी आणलं आणि कोणीतरी नेलं.

आमच्या वर एकच बंधारा आहे, दादाभाऊंच्या गावाचा. दादाभाऊ तिथले सरपंच. पट्टी कोण वाचणार, किती वाजता वाचणार, हे मीटिंगमध्ये त्यांनी तीनदा विचारलं होतं. तेव्हा मला वाटलं, इंटरेस्ट आहे. आता वाटतंय, इंटरेस्टच आहे. वरचे ढापे — त्या बंधाऱ्याच्या लोखंडी फळ्या — काढायचे, पाणी आमच्या डोहात आणायचं, मोठी मोटर लावून उपसायचं, ढापे परत बसवायचे. आमच्याच वर्गणीत बसून!

२२ फेब्रुवारी

आईबरोबर बाजार. दादाभाऊ तिथे कलिंगडं थोपटत उभे. मला बघून म्हणाले, "काय मॅडम, मोजून पाणी वाढतंय का न्हाई?"

वाढतंय! हा शब्द त्यांना कोणी सांगितला? मी तर ग्राफ फक्त उज्ज्वला मॅडमना पाठवलाय. वर आणखी म्हणाले, खोडदच्या दुर्बिणीला आकाशातलं दिसतं, आमच्या अक्षदाला बंधाऱ्यातलं. सगळे हसले. मी पण हसले, पण लक्षात ठेवलंय.

बाजारातला डब्यांचा सेलवाला मात्र चांगला माणूस. त्याने भाव सांगितला तेवढे पैसे स्कॅन करून पाठवले, तर दहाचं नाणं परत दिलं. "ताई, जास्त आलं." असेही लोक आहेत तालुक्यात.

१ मार्च

काल ८०. आज ८९. पुन्हा!!

आदेशला ओढत गाडीवर वरच्या बंधाऱ्यावर नेलं. उसातल्या वाटेने नको म्हणाला, बिबट्या. लांबून गेलो. मी रंगेहाथ पकडायच्या तयारीत, मोबाईल व्हिडिओवर.

ढाप्यांवर कोळ्याची जाळी. एक नाही, सगळ्या ढाप्यांवर, जुनी, धूळ बसलेली. महिनाभर कोणी हात लावलेला नाही. आदेश म्हणाला, "कोळी पण दादाभाऊंचाच असेल बघ."

म्हणजे वरून पाणी आलेलंच नाही.

२ मार्च

७८. पुन्हा अकराने खाली.

१२ मार्च

तिसरी उडी. ७० वरून ७९, कालही आणि आजही.

एक गोष्ट दिसतेय. नव्वदच्या खाली जायची वेळ आली, उडी. ऐंशीच्या खाली, उडी. आता सत्तरच्या खाली, उडी. पाण्याला काय पाढे येतात?

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "पाणी असं वागत नाही, अक्षदा. तुझा वाचणारा माणूस बघ." आणि म्हणाल्या, ऑफिसात एक जरी आकडा खोटा निघाला तर सहा गावांचा सगळा रिपोर्ट टेबलावरून खाली.

माझा माणूस म्हणजे आबा.

नको वाटतंय. लहानपणी त्यांनी मला कोकरू धरायला दिलं होतं. पण मग आकडे बदलतंय कोण? बाकी कोण आहे मध्ये? पट्टी, आबा, मी. पट्टी तर खोटं बोलत नाही.

१३ मार्च

६८. बस स्टॉपजवळ सोमाजीआबा चहा पीत होते. शेजारी कोण? धरणाच्या ऑफिसचा पाटकरी, पाटाचं पाणी वाटतो तो! दोघं खिदळत होते. मला बघून आबांनी हात केला. मी फोनमध्ये बघितलं.

भरतकाकांना सांगितलं. ते तंबाखू थुंकून मग बोलले. आबांना चाळीस वर्षं ओळखतो, दुसऱ्याच्या रानात मेंढरू गेलं तर स्वतः सांगायला येणारा माणूस. मी ग्राफ दाखवला. काकांनी तो माझ्याकडे परत सरकवला. "मला त्या रेघा कळत न्हाईत. तू शिकलेली. बघ तूच."

मीच बघायचं. ओके.

२० मार्च

काल पाडवा, आज नळाला गाळ. आईने हंडा ओतून टाकला. साठच्या खाली पाणी गेलं की विहिरीत गाळ शिरतो, आमची सगळी केस या एका ओळीवर उभी आहे!

आणि आजचा आकडा? काल ६०. आज आबांनी सांगितलं ते लिहिलं तर ६९!

ऑफिसवाले हेच म्हणणार. बघा, तुमच्याच वहीत त्या दिवशी भरपूर पाणी होतं, कसली टंचाई? नेमका आजचा आकडा बिघडवला. नेमका! आता शंका राहिली नाही. कोणीतरी आबांना पढवलंय.

२२ मार्च

भरतकाका आणि मी आबांच्या घरी गेलो. भिमाबाईंनी, त्यांच्या बायकोने, गूळ-पाणी दिलं. मी पाणी घेतलं नाही. आता आठवून कसंतरी होतंय, पण तेव्हा नाही घेतलं.

मग मीच विचारलं, आबा, पाणी मध्येच उड्या का मारतं? दर आठ-दहा दिवसांनी वर जातं, लगेच खाली येतं, असे आकडे का सांगता?

आबा काकांकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. "पाणी उड्या कुटं मारतंय, पोरी? रोज एक बोट उतरतंय. कधी दोन. म्या तेच सांगितलं."

स्वतः फोनवर सांगितलेलं नाकारतात! तेही तोंडावर! मी म्हटलं, माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे, तारखेसकट. ते म्हणाले, "लिवलेलं आसंल. मला काय लिवता येत न्हाई." पाटकऱ्याबरोबर चहा कशाला, असंही विचारलं. तर म्हणे तो भिमाबाईंच्या माहेरचा, पोरीचं लग्न ठरलं म्हणून पाजला.

काका उठले. दारात एवढंच म्हणाले, "आबा, उद्यापासनं राहू द्या."

भिमाबाई बोलल्या. त्यांचं वाक्य इथे लिहीत नाही.

२३ मार्च

आमच्या ओट्यावर गमबूट. सहा गावांच्या समितीने आबांना दिलेले. धुऊन, वाळवून, उलटे ठेवलेले. कधी ठेवून गेले कळलं नाही.

आजपासून पट्टी मी वाचते. ५७.

२५ मार्च

रिपोर्ट गेला. सहा गावांचे शिक्के. उज्ज्वला मॅडमनी उड्यांचे ते पाच दिवस गाळून टाकले आणि का गाळले त्याचं कारण पान चौदावर द्यायला सांगितलं, नाहीतर ऑफिस विचारणार. ते पान मी टाईप केलं. "वाचक सोमाजी यांनी चुकीच्या नोंदी दिल्याने त्यांना कामावरून कमी केले आहे."

आई म्हणाली, नाव कशाला घातलं? मी म्हटलं, आई, पारदर्शकता असते.

सहा एप्रिलला साहेबांसमोर मीटिंग. दादाभाऊ पण येणार. त्यांची मनातल्या मनात माफी मागितली, तेवढी पुरे.

२७ मार्च

५३. गाळ. भिमाबाई नदीवर दिसल्या, वाट बदलून गेल्या.

३० मार्च

५०. उद्या पन्नासच्या खाली जाणार. उडी मारते का बघू! नाही मारली की आदेशचं आणि भरतकाकांचं दोघांचं तोंड बंद.

३१ मार्च

नाही मारली. घरात शिरतानाच आईला ओरडून सांगितलं — फॉर्टी नाइन!

आई भाकरी थापत होती. "म्हंजी एकोणपन्नास."

मी म्हटलं, नाही गं, एकोणपन्नास म्हणजे फिफ्टी नाइन. एकोण म्हणजे नऊ, पन्नास म्हणजे फिफ्टी.

आईचे हात थांबले. "अक्षे, एकोणपन्नास म्हंजी पन्नासला एक कमी." मग अगदी हळू म्हणाली, "आबा तुला आकडा कसा सांगायचे गं?"

एकोणनव्वद. एकोणऐंशी. एकोणसत्तर. एकोणसाठ.

सेलवाल्याने दहा रुपये का परत दिले ते आत्ता कळलं. गमबूट घेऊन निघालेय.