पंधरा आज आली नाही

२ फेब्रुवारी, सोमवार
शुक्रवार १३ला माझा नमुना पाठ. विषय : पाचच्या टप्प्याने मोजणे, इयत्ता दुसरी. मुख्याध्यापिका निमकर मॅडम स्वतः बसणार. पाठ चांगला झाला तर मी कायम, नाहीतर ‘बघू’. आमच्या शाळेत ‘बघू’ म्हणजे काय ते सर्वांना माहीत आहे.
घाबरायचं कारण नाही. पहिलीत जायच्या आधीच अप्पांनी घरी तीसपर्यंत पाढे करून घेतलेत. एक ओळ सुदर्शनदादाची, एक माझी. सतरा एके सतरा तो, सतरा दुणे चौतीस मी. कधी अडलो नाही. तीच पद्धत वर्गात.

३ फेब्रुवारी, पहाटे ५
झोप नाही. चहा बंद करायचा ठरवलं. (उद्यापासून.)

४ फेब्रुवारी
प्रत्येकाला एक संख्या दिली. पहिल्या बाकावर ऋतिका पाच, शेजारी बुद्धभूषण दहा, मग मुक्ताई पंधरा, विश्वजीत वीस. शेवटच्या बाकावर पियुष दोनशे. आपली संख्या आली की उठायचं, म्हणायचं, बसायचं. तिसऱ्या फेरीत एकही चूक नाही. डोळ्यांत पाणी आलं.

६ फेब्रुवारी
मुलांना गणिताची गोडी लागली. मधल्या सुट्टीत ऐकलं : “ए पस्तीस, डबा दाखव ना!”

९ फेब्रुवारी
शेजारच्या वर्गाला शिकवणाऱ्या प्रियदर्शनीने दारातून पाहिलं. म्हणाली, “छान गं. आता जरा जागा बदलून बसव की.” असूया माणसाला कुठे नेते! मी फक्त हसले.
पियुषच्या आईचा मेसेज : “टीचर, पाचनंतर काय विचारलं तर म्हणतो, ते बुद्धभूषणला विचार.”
उत्तर पाठवलं : टीम स्पिरिट.

११ फेब्रुवारी
चहा अजून बंद नाही. पाठ झाल्यावर. शंका आली म्हणून रंगीत तालीम पुन्हा घेतली, मग पुन्हा. पाच ते दोनशे, सलग. मॅडमसाठी खुर्ची पंख्याखाली ठेवायची की खिडकीशी, एवढाच प्रश्न उरला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी ३
पाच. दहा. मग शांतता.
मी हसून विचारलं, “दहानंतर?”
सगळा वर्ग एका सुरात : “पंधरा आज आली नाही, टीचर.”
मुक्ताईच्या आत्याचं लग्न. लोणी काळभोरला. वारज्यातून लोणीला जाऊन दुपारी परत येणं शक्य नव्हतं का? आजकालच्या पालकांना शिक्षणाचं काहीच नाही.
निमकर मॅडम म्हणाल्या, “हरकत नाही. वीस तर म्हणेल?”
विश्वजीत बसूनच : “ती म्हटल्याशिवाय मी कसं म्हणू?”
मागून पियुष रडवेला होऊन म्हणाला, “टीचर, माझं येणारच नाही का आज?”

तोच दिवस, ५ वाजता
ऑफिसात बोलावलं. पंखा बंद होता. मॅडम म्हणाल्या, “बाई, ही पद्धत कुठली?” अभिमानाने सांगितलं : घरची. अप्पांची.
“अस्सं. मग सांगा, सतरा साते?”
मी थांबले. जरा वेळाने मॅडमनी दाराकडे पाहिलं. “कुणी यायचंय का आपलं?”
खोटं बोलायची सवय नाही. म्हटलं, “साते दादाचं असायचं.”
मॅडमनी नुसता चष्मा पुसला.

१६ फेब्रुवारी, सोमवार
निर्णय आला. कायम नाही. जूनपासून बालवाडीत मदतनीस. तिथे दहापर्यंतच मोजतात. माझ्यावर विश्वास टाकून दिलेली जबाबदारी आहे ही, असं मी अप्पांना सांगितलं. मुक्ताई आज आली होती, हातावर मेंदी. तिने आल्याआल्या उठून “पंधरा!” म्हटलं. शाबासकी द्यावी लागली.
रात्री दादाला फोन केला. तो हिंजवडीत सॉफ्टवेअर टीमचा लीडर आहे. सतरा साते विचारलं. क्षणात म्हणाला, “एकशे एकोणीस.” मग आवाज खाली आणून, “बरं झालं फोन केलास. सतरा आठे किती गं?”
“एकशे छत्तीस.”
पद्धतीत दोष नाहीच. हजेरी पूर्ण हवी, एवढंच. चहा टाकला.