दोन विद्यापीठांचा तक्ता

३ जून १९७१. बेलापूर.
अण्णांना जाऊन पंधरा दिवस झाले. मी एम.ए. करावं ही त्यांची इच्छा. पुणे की औरंगाबाद, हे शास्त्रीय पद्धतीने ठरवणार. दोन्हीकडे जाऊन पाहायचं, मग गुणांचा तक्ता. भावनेला जागा नाही.

८ जून.
पुण्याहून आलो. झाडं भरपूर. ऑफिसातल्या क्लार्कने माझं भादरलेलं डोकं पाहून विचारलं, वडील का? हो म्हटलं. त्यांनी बसायला खुर्ची दिली. आपुलकी : ९. अर्ज आणला. मुदत ३० जून. शेवटचा रकाना पालकाच्या सहीचा. तो शेवटीच भरायचा.

१२ जून.
एस.टी.ने औरंगाबाद. मोकळी जागा. डोक्याबद्दल कोणी विचारलं नाही. शांतता : ९. मुदत इथेही तीच. एकूण गुण सारखेच. दोन्ही अर्ज अण्णांच्या फोटोमागे ठेवले. सुरक्षित जागा.

१५ जून.
गहिनीनाथकाकांनी तक्ता पाहिला. म्हणाले, "बैल घ्यायला निघालास व्हय? आमी नुसते दात बघतो. तू तर शेपटीलाबी मार्क दिलेत." दुर्लक्ष केलं. मेसच्या आमटीचा रकाना वाढवला. आमटी चाखलेली नाही. अंदाजे ७-७.

२१ जून.
आईने विचारलं, कागदावर घरच्या कुणाची सही लागते का. तुला त्यातलं कळायचं नाही, म्हटलं. उगाच बोललो. उद्या नक्की निर्णय.

२२ जून.
शाई संपली. अण्णांच्या पेनात आहे. पण ते पेन सहीपुरतंच असायचं.

२७ जून.
गुण सारखे येतात हा तक्त्याचा दोष. नवा आखतो आहे. घाई नको.

१ जुलै, सकाळ.
पुणे ७४, औरंगाबाद ७३. निकाल स्पष्ट. मुदत काल संपली, पण एका दिवसाने काही होत नाही.
अर्ज काढायला फोटो उतरवला. दोन्ही अर्जांवर, पालकाच्या रकान्यात, निळा अंगठा. खाली गावच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या अक्षरात : मुक्ताबाई रंगनाथ, २२ जून. आई म्हणाली, "तू कुठं जाशील काय ठावं. म्हनून दोन्हींवर दिला."

५ जुलै.
दोन्हीकडे जाऊन आलो. दोन्हीकडून अर्ज परत. पुण्याच्या क्लार्कने याही वेळी खुर्ची दिली. आपुलकीचे गुण कमी करवत नाहीत.
आईने विचारलं, पुढच्या साली परत अंगठा द्यावा लागंल का. हो म्हटलं.