कागदावरची दुसरी ओळ

अण्णा, चाळीस वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातून बाहेर आल्यावर मी तुम्हाला जे सांगितलं, ते खोटं होतं. एवढं आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. घरखर्चाच्या वहीत वर्षाअखेरची चार पानं कोरी राहिली आहेत, त्यांवर लिहिते आहे. कुठे जायचं नसलेल्या पत्राला नवा कागद कशाला.

तुम्हाला तो दिवस चांगला गेला होता, म्हणून तुमच्या लेखी तो वेगळाच असेल. राजापूरहून पहिल्या एस्टीनं आपण दोघंच निघालो. आई म्हणाली होती, पोर मॅट्रिक झालीय, डॉक्टर इंग्रजी बोलला तर तिला कळेल, तिलाच न्या. तपासणी झाल्यावर तुम्ही बाहेर बाकावर बसून सदऱ्याची बटणं लावत होता आणि आत डॉक्टर तुमच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून शेजारच्या डॉक्टरांना सांगत होते. त्यातला एकच शब्द मला धड कळला, अनफिट. मग माझ्याकडे वळून ते मराठीत म्हणाले, "बाळ, छातीत गाठ आहे. कापून काढायला हवी, पण ह्यांच्या फुप्फुसात तेवढा जीव नाही. भूल दिली तर उठायचे नाहीत. घरी न्या, जपा." मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. बाहेर आले तर तुम्ही विचारलंत, "काय म्हणाला गो बाय?" आणि मी म्हटलं, "ऑपरेशनची गरज नाही म्हणाले."

"बघ! तुझ्या आईला मी सांगत होतो, उगाच एस्टीला भाडं!" तुम्ही हसलात, हसताना खोकलात, आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात नेऊन मला शिरा खायला घातलात. तुमच्या बशीतला अर्धाही माझ्याच बशीत ढकललात. मी तो सगळा खाल्ला, अण्णा. टाकला असता तर तुम्ही काय झालं म्हणून विचारलं असतंत.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, हिच्या लग्नातला कुंकवाचा करंडा माझ्याच हातचा व्हायला हवा, आणि बसलात सोनारकीच्या शेगडीपुढे. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली आहे आणि तुम्ही फुंकणी ओठांना लावता आहात. ज्योत वाकते, चांदीच्या सांध्यावर जाऊन बसते, आणि सांधा लाल व्हायच्या आधीच तुमचा श्वास संपतो. फुंकणी खाली. भिंतीला टेकून बसणं. पुन्हा फुंकणी वर. आई म्हणते, "राहू द्या ना, कारागीर करेल." तुम्ही म्हणता, "डॉक्टरनं ऑपरेशन नको सांगितलंय, म्हणजे मी बरा की नाही? विचार हिला." आणि आई माझ्याकडे बघते, आणि मी मान हलवते. एका दिवसाच्या कामाला तुम्हाला आठ दिवस लागले. झाकणाच्या बिजागरीपाशी सांध्याची एक गुठळी राहून गेली. तुमच्या हातून असं काम कधी गेलं नव्हतं, पण तुम्ही तो उजेडात फिरवून फिरवून बघत होता आणि खूश होता. शिमग्याच्या आधीच तुम्ही गेलात. माझं लग्न पुढच्या वर्षी झालं, रत्नागिरीत.

त्याच्याही आधीची एक गोष्ट हल्ली फार आठवते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. दुकानात तराजूचा काटा हलत असतानाच मी वजन बोलून मोकळी झाले, आणि तुम्ही गिऱ्हाइकादेखत माझ्या हातावर चापट मारलीत. "काटा ठरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. अर्धं वाचलेलं वजन म्हणजे चोरी." मी रडले नाही, पण दिवसभर दुकानात आले नाही. वाटलं होतं, शिकले.

आता ह्यांचं सांगते. तुम्ही ह्यांना पाहिलंच नाहीत. कोर्टात कारकून होते, स्वभावानं बरे, बोलायला तिरके. विडी मात्र चाळीस वर्षं सुटली नाही. निवृत्त झाल्यावर सुटली, तोवर छातीचा भाता झाला होता. घरापासून नाक्यापर्यंत जायचं तर मध्ये दोनदा कुणाच्या तरी दगडी गडग्यावर टेकावं लागे. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी छातीचा फोटो काढला, त्यात उजवीकडे सुपारीएवढं काही दिसलं. मुंबईला जाऊन सुईनं तपासून घेतलं, कॅन्सर निघाला. अगदी सुरुवातीचा, म्हणाले. निकाल आणायला श्रावणात पुन्हा दोघंच गेलो. मुलगा येतो म्हणत होता, मीच नको म्हटलं, कशाला रजा मोडा. कोकण रेल्वे होऊन दहा वर्षं झाली, आता मुंबई काही लांब राहिली नाही.

ह्यांना नळीत फुंकायच्या तपासणीला नेलं होतं. मी एकटीच डॉक्टरांसमोर. ते म्हणाले, "काकू, ऑपरेशन ह्यांना झेपणार नाही. जरा बाहेर थांबा, कागद मिळेल, मग पुढचं बोलू." अण्णा, 'झेपणार नाही' नंतरचं मला ऐकूच आलं नाही. कागद मिळाला. पहिल्या ओळीत तोच शब्द, अनफिट. मी फाइल मिटली. भोवती माणसंच माणसं, बसायला जागा नाही, आणि थांबलो तर परतीची गाडी चुकणार, मुक्काम करावा लागणार. हे नळीच्या तपासणीनं दमून धापा टाकत आले. "काय म्हणाले?"

"ऑपरेशनची गरज नाही म्हणाले."

शब्दाला शब्द तेच. तोंडातून गेल्यावर माझ्या ते लक्षात आलं.

"सुटलो," हे म्हणाले. "चल तर मग. डोळ्याचं तेवढं करून टाकू, म्हणजे पेपर तरी वाचता येईल."

फाइल मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. मुलाला सांगितलं, औषधं दिली आहेत. गणपतीत मुलगा-सून आली, आरत्या झाल्या, मोदक झाले. हे खुर्चीत बसून टाळ वाजवत होते आणि मी बघत होते, ह्यांचे हे शेवटचे गणपती म्हणून. रोज देवापुढे बसून सांगायची, तुझी इच्छा. आता वाटतं, देवाच्या नावावर मी माझी घाई खपवली. त्यानं काही सांगितलंच नव्हतं.

नवरात्रात ह्यांचा श्वासाचा पंप संपला म्हणून आमच्या आळीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मुंबईची फाइल मागितली. कपाटातून आणून दिली. पानं उलटता उलटता ते थांबले. "काकू, ही खालची ओळ वाचलीत का?"

मी म्हटलं, वरची वाचली.

"अहो, खालीच तर उपाय लिहिलाय. ऑपरेशन झेपत नाही अशांसाठीच असतो हा. चाकू नाही, भूल नाही. बारीक किरणं चहूकडून नेमकी त्या गाठीवर आणायची, चार-पाच वेळा. किरणांच्या डॉक्टरांना भेटा म्हणून लिहिलंय." मग त्यांनी तारीख बघितली. "दोन महिने झाले! कुणाची वाट बघत होतात?"

"देवाची," मी म्हटलं. त्यांनी स्वतःच मुंबईला फोन लावला.

किरणांच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्या मुलाच्या वयाच्या. नवा फोटो काढून त्या म्हणाल्या, गाठ वाढली आहे, पण अजून हातातली आहे. आणखी उशीर झाला असता तर मला हे करता आलं नसतं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ह्यांना एका निळ्या गादीत निजवून तिच्यातली हवा ओढून घेतली, तशी ती गादी ह्यांच्या अंगाच्या साच्यासारखी कडक झाली. पोटावर एक पट्टी आवळली, श्वास लहान राहावा म्हणून, कारण श्वासाबरोबर गाठही वरखाली होते. छातीवर जांभळ्या शाईच्या खुणा केल्या, त्या पुसायच्या नाहीत, आंघोळ नाही. "मुंज झाल्यापासून पहिल्यांदाच अधिकृत सुट्टी," हे त्या तंत्रज्ञ मुलीला म्हणाले. ती हसली. मी सवयीनं दटावलं.

एक दिवसाआड असं पाच वेळा. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहिलो. प्रत्येक वेळी ह्यांना आत एकट्याला ठेवून जाड दार लागायचं. मी बाहेर बसून जप करायची. एकदा त्या मुलीनं मला पडद्यावर दाखवलं, हे निजलेले, आणि ते यंत्र भोवतीनं हळूहळू फिरणारं. मी विचारलं, बाकीची छाती भाजत नाही? ती म्हणाली, "आजी, प्रत्येक बाजूनं थोडंथोडंच जातं, सगळं एकत्र येतं ते फक्त गाठीवर." तेव्हा मला तुमची फुंकणी दिसली, अण्णा. ज्योत सांध्यावर बसायला हवी आणि शेजारची चांदी वितळता कामा नये, त्यासाठी तुम्ही मान वाकडी करून, कधी इकडून कधी तिकडून फुंकायचात. तुम्हाला हे दाखवलं असतं तर तुम्ही यंत्राभोवती फिरून विचारलं असतंत, ज्योत दिसत नाही ती, कुठून येते गो? तुमच्या वेळी मला कुणी कागद दिला नव्हता. दुसरी ओळ लिहिलेलीच नव्हती तेव्हा. त्यामुळे त्या वेळचा दोष मी स्वतःला देत नाही. ह्या वेळचा देते.

पाचवी वेळ झाली, धर्मशाळेत आलो. हे कॉटवर बसले आणि म्हणाले, "आता बोल. काय म्हणाल्या बाई?" मी सगळं सांगितलं. तीन महिन्यांनी फोटो, गाठ जाईल किंवा तिथे वण राहील, दुसरीकडे उगवणारच नाही असं कुणी सांगत नाही, आणि दम आहे तसाच राहणार. मग श्रावणातलंही सांगितलं, ती फाइल, ती ओळ, दोन महिने. ह्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे ऑपरेशनची गरज नाही, हे तू खोटं सांगितलंस."

"हो."

"आणि ते खरं निघालं." धाप जरा बसू दिली. "अगो, कोर्टात उभी राहिली असतीस तर पहिल्याच प्रश्नाला मोडली असतीस. मीच मूर्ख, विचारलंच नाही कधी पुढचं." मग भिंतीकडे तोंड करून निजले. सकाळी उठून चहा मागितला, साखर कमी म्हणून कुरकुरले. तो विषय पुन्हा काढला नाही.

तीन महिन्यांनी फोटो काढला, गाठ आक्रसली आहे. काही महिन्यांनी पुन्हा जायचं, मग पुन्हा. हे गडग्यावर टेकत टेकत नाक्यावर जातात, पेपर आणतात, डोळा छान झालाय. मी पंप, गोळ्या, तारखा सांभाळते. लोक म्हणतात, देवानं राखलं. खरं आहे, राखलं. पण अण्णा, दमायला झालंय. आनंद झाला, नाही असं नाही, पण तो आला तेव्हा मी इतकी दमलेली होते की त्याला बसायला पाटसुद्धा मांडला नाही.

एक ह्यांना सांगितलेलं नाही. तुमचा करंडा. चाळीस वर्षं रोज आंघोळ झाली की त्यातलं कुंकू लावत होते, गुठळीवर अंगठा घासून घासून ती गुळगुळीत झाली होती. गणपतीनंतर मुलगा-सून निघाली तेव्हा मी तो खणात गुंडाळून सुनेच्या हातात दिला. ती म्हणाली, "आई, हा तर तुमचा रोजचा!" मी म्हटलं, "घे गो, मला आता काय करायचाय." तिला वाटलं, वय झालं म्हणून. हे तेव्हा ओटीवर बसून तिच्या पिशवीत नारळ भरत होते.

तेव्हापासून प्लास्टिकच्या डबीतलं कुंकू लावते. परवा ह्यांनी विचारलं, "तुझ्या अण्णांचा करंडा दिसत नाही तो?" मी म्हटलं, पॉलिशला दिलाय. परत मागायचा तर सुनेला कारण सांगावं लागेल, आणि कारण एकच आहे, कुंकू पुसायचे दिवस आले असं मी तेव्हाच धरून चालले होते. त्याच्याही पुढचं तुम्हाला आत्ता, शेवटच्या पानावर सांगते आहे. करंडा देऊन टाकला त्या दुपारी मी जरा आडवी झाले, आणि कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली.