दरीवरच्या त्या वळणावर

शहादा

प्रिय आबा,

काल तुमची जीप मी धडगावच्या पुढे नेली. नर्मदेच्या दरीवरच्या त्याच कच्च्या रस्त्यावर. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं आणि मी तिथे काल पोचले. हे तुम्हाला सोडून कुणाला सांगू?

मी एकोणीस वर्षांची असताना तुम्ही मला गाडी शिकवलीत. "पोरीला कशाला?" असं गल्लीतले विचारायचे. तुम्ही नुसते हसायचात. पाड्यांवर किराणा पोचवून रिकाम्या जीपने परतताना स्टिअरिंग माझ्या हातात द्यायचात. उंचावर आलो की इंजिन बंद करायला लावायचात, नदीचा आवाज ऐकायला. इतकी खोल नदी, तरी आवाज वर यायचा.

मग तो दिवस आला. वळणावर अचानक शेळ्या आडव्या आल्या, मी स्टिअरिंग फिरवलं आणि मागचं चाक कडेबाहेर गेलं. दगड खाली घरंगळत राहिले.

"खाले देखू नको. मी शे ना," तुम्ही म्हणालात. अगदी शांतपणे. डोंगराच्या बाजूने मला उतरवलंत, स्वतः स्टिअरिंगवर बसलात आणि पहिल्या गियरमध्ये इंचाइंचाने जीप वर काढलीत.

मग म्हणालात, "आता तू चालव." आणि मी ओरडले, "तुम्हाला माझ्या जिवाची काही पडलेली नाही."

त्यानंतर तुम्ही असेपर्यंत मी स्टिअरिंगला हात लावला नाही. दर दिवाळीला तुम्ही विचारायचात, दरीवर येतेस का? मी नाही म्हणायचे. एकदा तरी हट्ट का धरला नाहीत, आबा?

काल आई शेजारी होती. त्या वळणाजवळ मी वेग अगदी कमी केला, तेव्हा तिने सांगितलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तुमच्या हातात चहाचा कप ठरत नव्हता. पोरीला सांगू नको, असं तुम्ही तिला बजावलं होतंत.

आठ वर्षं मी समजत होते, तुम्हाला भीती वाटलीच नाही.

मी जीप थांबवली. तुम्ही हवे होतात. रागावून का होईना, "क्लच सोड" म्हणायला. मग गियर टाकला आणि वळण पार केलं.

तुमची धाकटी लेक सुमी गाडी शिकायची म्हणून मागे लागली आहे. तिला शिकवीन, याच रस्त्यावर. आणि ती घाबरली, तर मलाही भीती वाटते हे तिच्यापासून लपवणार नाही. एवढा शब्द देते.

तुमची,
कुसुम