पाहुणचार

प्रिय बाबा,

तुमच्यावर रागावून लिहितेय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण करू काय? तुमची साक्ष छापून आलीय, आणि त्यात तुम्ही म्हणताय की शत्रूच्या कैदेत तुम्हाला पाहुण्यासारखं वागवलं!

दिल्लीच्या त्या बाई आठवतात ना? युद्धकैद्यांचा कोठडीत कसा छळ झाला, ते टिपून घ्यायला आपल्या वळ गावच्या घरी आल्या होत्या. कसं वागवलं, असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही नेहमीसारखे हसलात. "जाम पावनचार केला बाय त्यांनी." आम्हीही हसलो. आपल्याकडे पोलिसांनी कुणाला चोपलं तरी पाहुणचारच म्हणतात. भाषांतर करणाऱ्याला ते कोण सांगणार?

सरळ सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? तिकडचं सरकार अजून म्हणतं, आम्ही कैद्यांना बोटसुद्धा लावलं नाही. आणि आता त्यांच्या बाजूचा साक्षीदार कोण, तर तुम्ही!

तुमचे पाय आठवतात मला. अंगठ्यांना नखं नव्हती. भातलावणीला सगळे अनवाणी, तुम्ही मात्र बूट घालून चिखलात. लोक चेष्टा करायचे आणि तुम्ही त्यांच्याहून मोठ्याने हसायचात. त्या हसण्याचाच आता वैताग येतो, बाबा.

त्या बाईंच्या ऑफिसात फोन करकरून थकले मी. साक्षीदार हयात नाहीत, जबाब बदलता येणार नाही, हेच उत्तर. काल धामणकर नाक्यावर रिक्षांच्या गोंगाटात फोनवर त्यांच्याशी भांडत उभी होते. घरी येऊन आईसमोर चिडचिड केली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचा नको बदलू. माझा लिवून घ्या, सांग त्यांना. तळव्यांना तेल मीच लावलाय जलमभर. नखा कशी काढली, ता मना ठाव हाय."

म्हणजे तिला सांगितलं होतंत! आणि आमच्या वाट्याला नुसता पाहुणचार?

त्या बाई पुढच्या आठवड्यात परत येतायत. वचन देते, आई बोलेल तो शब्दन् शब्द मी वाचून बघेन, त्याशिवाय कागद घराबाहेर जाऊ देणार नाही. तुमचा शब्दही तिथेच राहू दे. त्याचा अर्थ आई सांगेल.

अजून रागावलेली,
तुमची सुमन