कोऱ्या कागदांवरच्या सह्या

३ फेब्रु., सोम.
सोव्हिएत छत्रीधारी डिव्हिजनच्या इतिहासाचं भाषांतर सुरू. इंग्रजी पुस्तक अण्णाचं, डोळे माझे. अण्णा माझा थोरला भाऊ. फौजेत पॅराशूटच्या घड्या घालण्यात उमर गेली. इथल्या, पिरनवाडीच्या माजी सैनिकांच्या बैठकीत त्याला हे मराठीत ऐकवायचंय.
त्याची अट: प्रत्येक पानाखाली माझी सही. "घडी घालणाऱ्याची सही असतीय. त्याबिगर छत्री कोण पाठीला लावत न्हाय."
कॉलेजात जन्मभर मराठी शिकवलं, आता ही हजेरी. कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला, एका बैठकीत सगळ्यांवर सह्या करून टाकल्या.

६ फेब्रु.
युद्धाचा भाग झाला. उड्यांची तालीम, मग पायदळ म्हणून आघाडीवर. हंगेरीपर्यंत लढत, चालत.
अण्णा पानं उलटत राहिला.
"उडी कुठं हाय?"
"लढाईत उडी मारलीच नाही त्यांनी."
"मग छत्र्या कशाला दिल्यात?"
"मला काय विचारतोस."
चहा न घेता गेला. बरं झालं.

१० फेब्रु., सोम.
दुसरा भाग, युद्धानंतरचा. जिथं जर्मनांशी लढले त्याच हंगेरीत अकरा वर्षांनी हीच डिव्हिजन परत. या वेळी समोर शहरातली बंड केलेली माणसं. पुढे चेकोस्लोव्हाकियातही तेच.
अण्णा म्हणाला, "हे काढ."
"पुस्तकात आहे."
"पुस्तकात लई असतंय. आमच्या लोकांम्होरं फौजेची लाज काढतोस व्हय रं? आयुष्यात खडू सोडून काय उचललं न्हाईस, अन्..."
एक ओळ काढणार नाही म्हटलं. वहिनी आतून: "भावजी, रशियाचं भांडण माझ्या सोप्यात नगं."
गठ्ठा अण्णाकडेच राहिला. उरलेले, सह्या केलेले कोरे कागदही.

१४ फेब्रु., शुक्र.
अण्णाकडे गेलो. दुसरा भाग गठ्ठ्यात नाही. त्या जागी अण्णाच्या अक्षरातली चार पानं. ढगांतून उतरणारी डिव्हिजन, आभाळभर छत्र्या, एकही न उघडता राहिली नाही. चारही पानांखाली माझी सही.
"हे खोटं आहे."
"सही कुणाची हाय?"
"माझी."
"घडी न बघता सही केलीस. आमच्यात अशानं माणूस मरतोय."
हलकट. आणि बरोबर.

१५ फेब्रु.
दुसरा भाग पुन्हा उतरवला, दिवसभर. पान वाचायचं, मग सही. हाताला गोळा आला.
वहिनींचा फोन. "ती चार पानं मला वाचून दाखवली त्यांनी. म्हणाले, मी घातलेली एकबी घडी लढाईत उघडली न्हाय गं."
दया आली नाही. लिहून ठेवतो: आली नाही.

१६ फेब्रु., रवि.
बैठक अकराला. अण्णा दारात, छातीवर पदकं, काखेत त्याचा गठ्ठा.
"चल, तूच वाचायचं. सही तुझी हाय."
पिशवी उचलली.
"त्यात काय?"
"दुसरा भाग."
"सही?"
"केलीय."
"बघून?"
"बघून."
अण्णा बाहेर स्कूटरला किका मारतोय. सुरू झाली. हॉर्न वाजवतोय. जातो.