पाळी मार्गी लागली त्या वर्षी

आण्णा, मी तुमच्याशी पाळीविषयी बोलणार आहे. तुम्ही असता तर एव्हाना उठून गोठ्याकडं गेला असता. आता ती सोय राहिली नाही, तेव्हा ऐका.

दहावीत होते मी. मंचरच्या बाजारात तुम्ही मापाडी, बटाट्याच्या गोण्या तोलायचात. शाळा सुटल्यावर तुमचा रिकामा डबा न्यायला मी आले, तर हमाल बिड्या ओढत बसलेले. त्यातल्या एकानं विचारलं, "आण्णा, पोरगी किती भरंल वो?" दुसऱ्या कुठल्या बापानं त्याला दोन शब्द सुनावले असते. तुम्ही हसलात आणि मला म्हणालात, "चढ गं काट्यावर." मी दप्तरासकट चढले. तुम्ही दप्तर उतरवायला लावलंत, कारण मापात खोट तुम्हाला चालायची नाही. मग गोणीचा पुकारतात तसा आकडा पुकारलात. "अठ्ठ्याऐंशी!" माणसाकडं बघायची तुमची तेवढीच रीत होती, किती भरतंय आणि कुठं खपतंय. फार साधा माणूस, असं गाव तुम्हाला म्हणायचं. गावाचं काय, कुणालाही साधा म्हणतं.

त्या वर्षी मला पाळी तीनदा आली. आईनं तीळगूळ खायला घातला आणि कुणाला सांगू नको म्हणाली. सांगायची गरजही नव्हती, महाळुंग्यातल्या आमच्या आळीला सगळं ठाऊक. नवरात्रात नैवेद्याला हात कमी पडले की बायका म्हणायच्या, "तिला बोलवा, तिचं कायम चालतंय." चालतंय म्हणजे, ही कधी बाजूला बसत नाही. माझ्या आजारावर त्यांनी वर्षानुवर्षं पुरणपोळ्या लाटून घेतल्या. मला वाटायचं आपण कुणीतरी चांगल्या आहोत. मीही काही कमी मूर्ख नव्हते.

मग पिंपरी पेंढारला दिलंत. सहा वर्षं झाली, मूल नाही. वर्षाकाठी दोनतीनदा पाळी, अंगावर मांस चढत चाललेलं, आणि सासूच्या तोंडी एकच शब्द, जो मी इथं लिहीत नाही. दोन हजार एक साली त्यांनी मला ट्रंकेसह जीपमधून आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही धुतलेली टोपी घातलीत, मला बरोबर घेतलंत. मला वाटलं, आता भांडणार. त्यांच्या ओट्यावर तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "पावणं, आमचाच माल खराब निगाला. राग धरू नका." मी हातभर अंतरावर उभी होते. माझा नवरा शेजारी बसून सुपारी कातरत होता.

नारायणगावात डॉक्टर होते. गाडीनं अर्ध्या तासाची वाट. तेवढी मला घेऊन तुम्ही कधी गेला नाहीत, पण माफी मागायला मात्र पहिल्या एस.टी.नं गेलात. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या नजरेतून उतरलात ते उतरलात. दोन वर्षांनी गेलात तेव्हा मी रडले, कारण बायका बघत होत्या.

पुढं माहेरी राहूनच जुन्नरच्या एका शाळेत मी क्लार्क म्हणून लागले. दोन हजार आठ साली वजन एकशे सोळा, गुडघे गेलेले, साखर वाढलेली. पुण्याला जठर लहान करायचं ऑपरेशन करून घ्यायचं मी ठरवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?"

"मार्चमध्ये."

"आता ऑक्टोबर चालू आहे. आणि हे आजवर कुणाला दाखवलं नाहीत?"

मला तुमचं नाव घ्यायचीही लाज वाटली. बाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. अंगातल्या चरबीनं संप्रेरकं बिघडतात, बीज वेळेवर सुटत नाही. वजन उतरलं की बऱ्याच जणींची पाळी मार्गी लागते, सगळ्यांची नाही. आणि ऑपरेशननंतर दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत. बत्तीस वर्षांत जे कुणी सांगितलं नव्हतं, ते दहा मिनिटांत सांगून झालं.

ऑपरेशन झालं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यातच पाळी आली ती ऑफिसात, खुर्चीवरून उठता येईना अशी. शिपाई मावशींनी स्वतःचा पदर आडवा धरून मला बाहेर नेलं. पुढच्या महिन्यात दोनदा आली. मी घाबरून फोन केला. बाई म्हणाल्या, सुरुवातीला अशी गडबड होते, पण रक्त तपासा. हिमोग्लोबिन आठवर आलेलं. सुया घेतल्या, मुगाचं वरण चार चमचे गिळलं, केस मुठीनं गळले. आणि पाचव्या महिन्यापासून बरोबर एकोणतीस दिवसांनी येऊ लागली. एकोणतीस, तीस, परत एकोणतीस. चौदाव्या वर्षी पोरींना जे कळतं ते मला आता कळत होतं, आज ओटीपोट दुखतंय म्हणजे उद्या येणार. नवरात्रात आळीतल्या बायका हिरमुसल्या. "आता तुला बी बाजूला बसाया लागंल," एक म्हणाली. तिला माझ्या रक्तापेक्षा पुरणाची काळजी.

त्याच दिवाळीत माझा नवरा आला. इतक्या वर्षांत त्याला दुसरी कुणी दिली नव्हती.

"तुझं आता बरं झालं म्हनं."

"काय बरं झालं?"

"म्हंजी, म्हयन्याच्या म्हयन्याला," तो फरशीकडं बघत म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

त्यानं स्वयंपाकघराकडं पाहिलं. आतून आई म्हणाली, "ते काय म्हनत्यात ते ऐक तरी."

"डॉक्टरांनी दीड वर्ष मूल नको सांगितलंय."

"थांबू की. आजवर थांबलोच."

"तुमची तपासणी झाली कधी?"

"माजी कशाला?" तो म्हणाला. खरोखर नवल वाटून म्हणाला.

तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "आण्णा असते तर त्यांनी तुम्हाला दारातूनच हाकललं असतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तुमचे जोडलेले हात त्यानं पाहिले होते. तो हसू शकला असता. हसला नाही, चहा तसाच ठेवून उठला आणि गेला. परत आला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. ते वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. बोलताना माझा आवाज भरून आला, आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत मला ते खरं वाटत होतं.